कोऱ्या मशीनवरची हजेरी

अत्तार गुरुजी रोज सकाळी रिकाम्या खोलीत हजेरी घ्यायचे.

कामाच्या पहिल्या दिवशी मी ती ऐकली तेव्हा जिन्यातच थांबले होते. भोरच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या वर आमच्या ट्रस्टची दोन खोल्यांची कचेरी होती. वरून आवाज येत होता, शाळेतल्यासारखा, खणखणीत. "साठा!" मग शांतता. मग, "शाबास." मग, "गाड्या!" पुन्हा शांतता. मला वाटलं, वर पोरांची शिकवणी चालली असेल. वर जाऊन पाहते तर टेबलापुढे एकटे गृहस्थ, अंगात पांढरा सदरा, खिशात खडूचा तुकडा, आणि समोर एक म्हातारा लॅपटॉप. एका बोटानं बटण दाबायचे, तेही शाळेच्या घंटेवर टोला दिल्यासारखं.

"कुणाला हाका मारताय?" मी विचारलं.

"फायलींना," ते म्हणाले. "बसा. अजून सहा राहिल्यात."

मी तेव्हा छप्पन वर्षांची होते, म्हणजे अगदीच अल्लड. टेलिफोन ऑफिसातून वेळेआधी निवृत्ती घेतलेली, त्यात पुण्याला जाऊन संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. वर्गातली बाकीची पोरं मला आजी म्हणायची आणि परीक्षेत माझ्या मागं बसायची. प्रमाणपत्र मी फ्रेम करून देवघराशेजारी लावलं होतं. देवांनाही कळावं, घरात कोण राहतंय ते. अशा बाईला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक बसा म्हणतो, आणि फायलींना हाका मारतो! मी मनातल्या मनात हसले. ते हसू मी पुढं दीड वर्ष पुरवून पुरवून वापरलं.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत भाताच्या लावणीपासून कापणीपर्यंत साप चावण्याचं प्रमाण फार. चावल्यावर माणसाला दवाखान्यात न्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण सापाच्या विषावरची लस आज कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, हे कुणालाच माहीत नसतं. जवळच्या दवाखान्यात गाडी पळवायची, तिथली संपलेली, मग पुढच्या. तेवढ्यात माणूस जातो. म्हणून ट्रस्टनं एक प्रोग्राम करून घेतला होता. विंझरच्या केंद्रात संगीता नावाची मुलगी बसायची. फोन आला की ती वाडीचं नाव टाकायची. प्रोग्राम सांगायचा, कुठल्या दवाखान्यात लस आहे, कुठल्या रस्त्यानं जायचं, जवळ कुणाची जीप आहे, आणि जीपवाल्याला निरोपही तोच धाडायचा.

हा प्रोग्राम म्हणजे एक सलग पोथी नव्हती. अकरा वेगवेगळ्या फायली होत्या. साठा, रस्ते, गाड्या, निरोप अशी त्यांची नावं. प्रोग्राम सुरू झाला की तो एकेक फाईल बोलावून घेतो, त्या हाकेला इंपोर्ट म्हणतात. अकरातली एक जरी हाकेला उठली नाही, तरी सगळा प्रोग्राम जागच्या जागी बसतो. मग दहा जणी कितीही शहाण्या असोत.

तो लिहिला होता मंदारनं. पुण्याचा इंजिनिअर, मनाचा चांगला, शनिवारी फुकट येऊन काम करायचा. तो फायलींत बदल करून पाठवायचा, आणि त्या केंद्रांवर जाण्याआधी गुरुजी हजेरी घ्यायचे. त्यांची पद्धत अशी. तो म्हातारा लॅपटॉप रोज पुसून कोरा करायचा. केंद्रांवरच्या मशीनमध्ये जेवढं असतं तेवढंच त्यात घालायचं, एक चमचा जास्त नाही. मग पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायची, एका फाईलला हाक मारायची, ती आली की खिडकी बंद. पुन्हा नवी खिडकी, दुसरी हाक. अकरा वेळा. पाऊण तास जायचा.

"एकदम सगळ्यांना बोलवा की," मी पहिल्या आठवड्यात म्हणाले. "दोन सेकंदांत होईल."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "बाई, तुम्ही शाळेत शिकवलंय कधी?"

"नाही."

"पोरगं गैरहजर असलं ना, की शेजारचं त्याच्या वतीनं 'हजर' ओरडतं. चाळीस पोरांत मास्तरला कळत नाही. म्हणून वर्ग रिकामा करायचा, आणि एकट्याला बोलवायचं. मग कळतं, आलंय का नाही."

मी त्या दिवशी घरी जाऊन हा किस्सा नवऱ्याला नक्कल करून दाखवला. खणखणीत आवाज, एक बोट, सगळं. तो पोट धरून हसला. माझी नक्कल चांगली होती, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

हजेरीची वही होती. शाळेच्या हजेरीपटासारखीच, पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची. उभ्या रकान्यात फायलींची नावं, आडव्या ओळीत तारखा, आणि शेवटी एक रकाना: 'कोऱ्या मशीनवर घेतली', खाली घेणाऱ्याची सही. एखादी फाईल उठली नाही तर ते लगेच 'गैरहजर' लिहायचे नाहीत. रकाना कोरा ठेवायचे. मंदारला फोन करायचे, तो दुरुस्त करून पाठवायचा, पुन्हा हाक. संध्याकाळी कचेरी बंद करतानाच काय ते लिहायचं.

"उशीर म्हणजे गैरहजर नव्हे," म्हणायचे. "ओढा भरलेला असतो, गाय सुटलेली असते. दिवस संपेपर्यंत रकाना उघडा ठेवावा."

आणखी एक गंमत. फाईल उठली नाही की पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग पडतो. मी तो पाहिला की घाबरून खिडकी बंद करायची, पाहुणे आले की पसारा पलंगाखाली सारावा तशी. गुरुजी उलट खूश व्हायचे. "शाबास," म्हणायचे मशीनला. "खरं बोलला." मग मला शिकवायचे: "शेवटची ओळ आधी वाचा बाई. रडणारं पोर आधी दहा गोष्टी सांगतं. खरं कारण शेवटी."

मंदारशी त्यांचं एकदा वाजलं, ते मी अजून विसरलेले नाही. निरोपाची फाईल कोऱ्या मशीनवर उठेना. गुरुजींनी फोन लावला. मंदार वैतागलेला, ऑफिसात असणार.

"गुरुजी, माझ्याकडं चालतंय."

"बरं," गुरुजी म्हणाले. "मग साप चावलेला माणूस तुमच्याकडं पाठवू का?"

मग मंदार म्हणाला, "अर्ध्या तासात बघतो."

परवा माझी नात, तीही याच धंद्यात, फोनवर कुणाला तरी तेच म्हणत होती, "पण माझ्याकडे चालतंय ना!" मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातून तव्यावरची भाकरी करपली. ही सगळी आठवण त्या करपलेल्या भाकरीची.

गुरुजींविषयी गावात दोन मतं होती. एक म्हणजे देवमाणूस. दुसरं म्हणजे, या माणसानं शाळा बंद पाडली. दुसरी गोष्ट खरी होती. आंबवड्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर ते एकशिक्षकी शाळेत होते. पट घसरत घसरत नऊवर आला. तपासणीला साहेब येणार. आजूबाजूच्या शाळांनी पुण्यामुंबईला गेलेली पोरंही पटावर हजर ठेवली होती. वाडीची माणसं गुरुजींकडे आली, म्हणाली, "मास्तर, आमच्या भाच्यांची नावं घाला, एक दिवसाचा तर प्रश्न." गुरुजींनी नऊ लिहिली. शाळा बंद झाली. त्या नऊ पोरांना दुसऱ्या गावाला ओढा ओलांडून जावं लागलं, आणि त्यातल्या दोन मुलींची शाळा कायमची सुटली.

हे मला त्यांनीच सांगितलं, बशीत बिनसाखरेचा चहा ओतत. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटतं की. त्या दोघींची नावं रोज आठवतात."

"मग खोटं लिहायचं होतं एक दिवस."

"मग बाकीच्या दिवसांची हजेरी कोण खरी मानणार?" ते म्हणाले, आणि फुंकर मारून चहा प्यायले. मला वाटलं, काय हा ताठा. आपल्याला असला ताठा नाही याचं मला कौतुक वाटलं.

आता माझ्या रांगोळीविषयी सांगायला हवं. माझ्या टेबलावर माझं स्वतःचं मशीन होतं, नवं, वेगवान. त्यावर मी फावल्या वेळात रांगोळी काढणारा प्रोग्राम लिहीत होते. ठिपके, वेलबुट्ट्या, फिरणारी कमळं. त्यासाठी गणिताचा एक तयार संच लागतो, तो मी नेटवरून उतरवून मशीनमध्ये बसवला होता. रांगोळी इतकी देखणी झाली की मी ती पडद्यावरच लावून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं, "अय्या, हे तुम्ही केलं?" आणि मी म्हणावं, "छे, थोडंसं."

त्या रांगोळीमुळे पुण्यातल्या एका महिला मंडळापर्यंत माझी कीर्ती गेली. त्यांनी माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, 'संगणकसखी' असं लिहिलेलं मानपत्र. आषाढातला दिवस, सकाळी साडेदहाची वेळ. आणि नेमक्या त्याच दिवशी गुरुजींना त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन जायचं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा ते हजेरी चुकवणार होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी वही माझ्या हातात दिली.

"मंदाररावांनी रस्त्याची फाईल बदललीय. ओढ्याला पूर आला तर लांबचा रस्ता दाखवायचा, असं केलंय. नीट हाक मारा. कोऱ्यावर."

"होय हो गुरुजी. मी काय लहान आहे?"

सकाळी मी जरीच्या साडीत कचेरीत आले. कोऱ्या लॅपटॉपचं बटण दाबलं. तो म्हातारा, उठायलाच दहा मिनिटं घ्यायचा. पुण्याच्या गाडीला वीस मिनिटं राहिलेली. मी माझं मशीन उघडलं, अकराच्या अकरा फायलींना एकदम हाक मारली. दोन सेकंद. सगळ्या हजर. लाल अक्षर नाही. मी वहीत अकरा खुणा केल्या, शेवटच्या रकान्यात, 'कोऱ्या मशीनवर घेतली' याच्या खाली, झोकदार सही ठोकली, फायली केंद्रांकडे पाठवल्या आणि पदर सावरत जिना उतरले.

झालं होतं असं की पुराचा हिशेब करायला मंदारनं तोच गणिताचा संच वापरला होता, जो मी रांगोळीसाठी बसवला होता. त्याच्या मशीनवर होता, माझ्या मशीनवर होता. कोऱ्यावर नव्हता. विंझरच्या मशीनवर नव्हता. रस्त्याची फाईल गैरहजर होती, आणि माझी रांगोळी तिच्या वतीनं 'हजर' ओरडली होती.

साडेअकराच्या सुमाराला गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीत सुभद्रा नावाची बाई भाताची रोपं खाचरात नेत होती. धरणात त्यांची मोठी खाचरं गेलेली, उरलेल्या दोनांत लावणी चाललेली. बांधावर ठेवलेली रोपांची पेंढी उचलताना घोणस मनगटाला चावली. तिच्या नवऱ्यानं, नामदेवनं, तोंडानं विष ओढणं, दोरी आवळणं असलं काही केलं नाही. गुरुजींनी वाडीवाडीवर जाऊन सांगितलं होतं तसं केलं: हात हलू दिला नाही, तिला बसवलं, आणि विंझरला फोन लावला. त्या माणसानं काहीच चुकवलं नाही. हे मुद्दाम लिहिते.

संगीतानं प्रोग्राम सुरू केला. लाल अक्षरं. बंद करून पुन्हा सुरू केला. लाल अक्षरं. तिनं भोरच्या कचेरीला फोन लावला, कचेरीला कुलूप. गुरुजींना लावला, ते ऑपरेशनच्या खोलीबाहेर, फोन बंद ठेवायला सांगितलेला. मला लावला, सहा वेळा. माझा फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. मी तेव्हा माईकपुढे उभी राहून सांगत होते की संगणकाला घाबरायचं नसतं. टाळ्या पडल्या.

दवाखान्यांचे फोन लागेनात. शेवटी संगीतानं अंदाजानं जीप जवळच्या दवाखान्यात पाठवली. तिथली लस आदल्या दिवशीच दोघांना लागून संपली होती. आमच्या साठ्याच्या फाईलमध्ये ते लिहिलेलं होतं, पण ती फाईल बोलावणार कोण? तिथून जीप पुढच्या दवाखान्याकडे निघाली. सुभद्रा नसरापूरच्या अलीकडं रस्त्यातच गेली. चौतीस वर्षांची होती. वेळेवर पोचली असती तर वाचली असती का, असं मी नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या 'सांगता येत नाही'ला बरेच दिवस धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले तर गुरुजी आधीच आले होते. कोरा लॅपटॉप पुसून झाला होता. हाका चालल्या होत्या, पण आवाज खणखणीत नव्हता. "साठा." "गाड्या." "रस्ते." लाल अक्षरांचा ढीग पडला. त्यांनी शेवटची ओळ वाचली. शाबास म्हणाले नाहीत.

मग वही उघडली. माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"बाई, हाक कुठं मारली होती?"

"कोऱ्यावरच," मी म्हणाले.

"बरं."

ते उठले, माझ्या टेबलापाशी आले. पडद्यावर कमळं फिरत होती. गुरुजी ती बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीत बसून एका बोटानं काहीतरी टाइप केलं, माझ्या मशीनमध्ये काय काय बसवलंय त्याची यादी काढली, खालपर्यंत वाचली.

"रांगोळी छान आहे," ते म्हणाले.

तेवढंच. मला कुणी तोंडात मारली असती तर मी भांडले असते. यावर काय करायचं ते मला कळेना.

जाताना जिन्यापाशी ते थांबले. "परवा ट्रस्टची बैठक आहे. तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"काय सांगायचंय?" मी म्हणाले. हा माझ्या तोंडचा शब्द आहे, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

बैठकीला सहा जण होते. संगीता विंझरहून आली होती, रडून डोळे सुजलेले. अध्यक्ष स्वभावानं मऊ. त्यांना कुणाचंच वाईट करायचं नव्हतं. ते म्हणाले, "पावसापाण्याचे दिवस. लाईट गेली होती, मशीन चाललं नाही, असं लिहून विषय मिटवू. कुणाचा दोष नाही."

मला केवढं हायसं वाटलं! मी मान हलवायलाही लागले होते.

"लाईट होती," गुरुजी म्हणाले.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हजेरी घेताना नाव पुकारल्यावर पोराला ओ द्यायला जेवढा वेळ देतात, तेवढा दिला. मग तेवढाच आणखी दिला. मी माझ्या बांगड्या मोजल्या. डाव्या हातात सात होत्या.

"हजेरी मालतीबाईंनी घेतली," गुरुजी म्हणाले. "स्वतःच्या मशीनवर. कोऱ्यावर घेतली म्हणून सही केली. ही त्यांची चूक. माझी चूक अशी की बाईंना त्या मशीनचा कंटाळा आहे हे मला दीड वर्ष दिसत होतं. दिसत असून वही दिली. संगीताची चूक नाही. तिच्याकडं मी कागदावर साठ्याची यादी ठेवायला हवी होती. तीही माझीच."

संगीता हुंदका देऊन म्हणाली, "काकू, सहा डाव फोन लावला वो तुमाला."

मी उठून बाहेर आले. मला वाटलं होतं, हा माणूस मला झाकील. दीड वर्ष चहा एकत्र प्यायलो होतो! आणि सगळ्यांसमोर नाव घेतलं! सत्तावन्न वर्षांच्या घोडीला त्या दिवशी राग कशाचा आला, तर एक बाई मेली याचा नाही. चारचौघांत आपलं नाव आलं याचा.

मला येऊ नका असं कळवण्यात आलं. ट्रस्टचे दोन देणगीदार ती बातमी ऐकून मागे सरले, आणि पुढच्या लावणीच्या आत सगळं काम बंद पडलं. केंद्रांना कुलपं लागली. मंदारनं हे काम सोडलं. पुन्हा भोरला आला नाही. वाड्यावस्त्यांवरची माणसं पुन्हा अंदाजानं जीप पळवायला लागली. मी बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले: "आधी शाळा बंद पाडली, आता हे. त्या माणसाचा हातगुणच तसा." लोकांना पटलं. लोकांना अशा गोष्टी लवकर पटतात, आणि मी सांगायचेही रंगवून. मघाशी म्हटलं ना, नक्कल मला चांगली यायची.

एक वर्ष झालं. आषाढात एका संध्याकाळी फोन वाजला.

"बाई, अत्तार बोलतोय. उद्या वेल्ह्याची साडेसातची गाडी आहे. मी चाललोय."

कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. "मला काम आहे," म्हणून फोन ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा फोन, तेच वाक्य. पुढच्या वर्षी पुन्हा. सहा वर्षं. कधी बोचरं बोलले नाहीत, कधी आग्रह केला नाही, कधी 'का आला नाहीत' म्हणाले नाहीत. मी दर वर्षी नवं कारण द्यायचे. गुडघा, पाहुणे, नातीची परीक्षा. एकदा तर मी म्हणाले, घरात रंगकाम चाललंय. फोन खाली ठेवून मी पांढऱ्याफटक भिंतींकडं बघत बसले.

गुरुजी गेले त्याला आता दोन वर्षं होतील. पोटाचा आजार होता. ते गेल्यावरच्या आषाढात मी त्या वाडीवर गेले. एकटी, साडेसातच्याच गाडीनं, पुढं वडापच्या जीपनं. सातव्या वर्षी. नामदेव अंगणात आवणाच्या, भाताच्या रोपांच्या, पेंढ्या बांधत होता. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, केस पांढरे झालेले. मी वाटेत पाठ करून गेले होते, ते सगळं बोलले. सत्कार, जरीची साडी, सही, सगळं.

त्याचे हात थांबले नाहीत. "व्हय," म्हणाला. "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"मास्तरांनी. पयल्याच सालाला. हितंच बसून. एका बाईनं आन् म्या, आमी दोघांनी केलं म्हनले."

"मग तुम्ही आला नाहीत? जाब विचारायला?"

"भातं लावायची व्हती," तो म्हणाला. जरा वेळानं पेंढी खाली ठेवली. "मास्तर यायचे, दीसभर लावणीला वाकायचे आमच्यासंगं. लई म्हातारं मानूस, नगं म्हनलं तरी ऐकायचं न्हाई. येका मानसाचं हात कमी हायेत म्हनायचे. तुमी कशापायी आलासा?"

साडी नेसून, चप्पल घालून, पिशवीत पेढे घेऊन मी त्याच्या दारात उभी होते. पेढे!

"बसा," तो म्हणाला. "आलाच हायसा तर."

पण मला गुरुजी दिसतात ते त्याच्या एक वर्ष आधीचे, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

त्या वर्षी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. "बाई, उद्या साडेसातची." एवढंच बोलून दम लागला. मी रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी खरंच भोरच्या स्टँडवर गेले. साधी साडी, हातात छत्री. गेले, आणि पेपरच्या स्टॉलमागं उभी राहिले.

गुरुजी आले. सदरा खांद्यावरून लोंबत होता, खिशातला खडू तेवढा तसाच. गाडी लागली तशी गर्दी झाली. त्यांना रेटारेटी करून चढणं शक्य नव्हतं, म्हणून आपल्याकडं करतात तसं त्यांनी बाहेरूनच खिडकीतून हात घातला. आधी सीटवर पिशवी ठेवली. मग खिशातून रुमाल काढला, निळ्या चौकटीचा, आणि तो शेजारच्या, खिडकीजवळच्या जागेवर पसरला. दोन जागा.

सगळ्यांच्या शेवटी, दांड्याला धरून, दर पायरीला थांबत ते वर चढले. पिशवी मांडीवर घेऊन बसले. रुमाल तसाच. गाडी भरली. एक बाई पाटी घेऊन चढली, लेकुरवाळी, काखेत पोर. मी दहा पावलांवर होते, मला स्वच्छ ऐकू आलं.

"आजोबा, हितं कोन हाय का?"

"येणार आहेत," गुरुजी म्हणाले.

बाईनं बाहेर पाहिलं. मी मागं सरकले. कंडक्टर ओरडला, "आवो मास्तर, टायम झाला. कोन येतंय तुमचं?"

"अजून एक मिनिट आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग फाटकाकडं. मला ते बघणं ओळखीचं होतं.

मिनिट झालं. कंडक्टरनं डबल बेल दिली. मला वाटलं, आता रुमाल उचलतील. गुरुजी उठले. पाटीवाल्या बाईला त्यांनी हात धरून आपल्या जागेवर बसवलं, पोराला तिच्या मांडीवर ठेवलं, आणि स्वतः वरच्या दांडीला धरून उभे राहिले.

स्टँडच्या फाटकातून गाडी वळली. गुरुजी उभे होते, आणि माझी जागा रुमालाखाली रिकामी चालली होती.